कावळ्याला कबूल केलेली खुर्ची

मिठबावात आमच्या शेजारी सुभद्राकाकी राहते. तिचे यजमान दाजी रोज संध्याकाळी लाल प्लास्टिकची खुर्ची खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या, कडेला मांडायचे, रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला "खंय चललंस रे?" विचारायचे, आणि काळोख पडला की खुर्ची उचलून पडवीत न्यायचे.

दाजी गेले. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. भावकीने सांगून बघितलं, कलमांची राखण करू, लेकीला अंतर देणार नाही. कावळे फांदीवर बसून मजा बघत होते. शेवटी काकी म्हणाली, "तुमची खुर्ची खळ्यातसून हलवूचंय नाय." कावळा लगेच खाली. एवढ्याशा गोष्टीसाठी माणूस अडला होता, म्हणून सगळे हसले. काकी नाही हसली.

तेव्हापासून खुर्ची बाहेरच. पूर्वी तिला फक्त उतरतं ऊन लागायचं, आता दिवसभराचं. लालची गुलाबी झाली, मग आजारी माणसासारखी फिकट. हात लावला की बोटांना पांढरी भुकटी. काकी खोबरेल चोळायची, की एका दिवसापुरती लाली परत यायची. "आज तोंडार जरा तेज आसा," म्हणायची. कोणाच्या, हे विचारायची माझी छाती नव्हती.

भर दुपारी खुर्ची वाजायची. टक्. कोणी अंग टाकल्यासारखी.

"इले," काकी चुलीकडून म्हणायची आणि दाजी आल्यासारखा पदर सावरायची.

मी पडलो बी.एस्सी. गप्प कसा बसणार?

"काकी, ती तापून वाजता. प्लास्टिकात बारीक बारीक साखळ्यो असतत. उन्हातले किरण त्यो तोडतत. पडवीत ठेव, नायतर एक दिवस मोडतली."

"आणि कावळ्याक काय सांगू? तुझी बी.एस्सी.?"

"मगे वर झाप तरी घालूया."

"घाल. पण खुर्चेक हात लावू नको."

चार बांबू पुरून मी माडाच्या झापांची सावली केली. फारच उशीर झाला होता. तुटलेल्या साखळ्या सावलीत काही जुळत नाहीत.

वैशाखात एका दुपारी, झाडाचं पान हलत नसताना, खुर्ची बसली. वर कोणी नव्हतं. पाय पापडासारखे चुरले. काकी तुकडे गोळा करत म्हणाली, "मी शब्द दिललंय. आता ते खंय बसतले?"

तिने भात शिजवला, पानावर गोळा घेऊन त्याच जागी ठेवला. कावळे जमले. "नवी खुर्ची हाडतंय," ती म्हणाली. कोणी हललं नाही. "हयच ठेवतंय." नाही. ऊन कलंडलं, भात वाळायला लागला. मी निघायच्या बेतात होतो, तेव्हा ती अगदी हळू म्हणाली, "भायर उन्हात किती दिवस बसतलात? घरात येवा."

कावळा आला आणि गोळा उचलून गेला.

आता दुपारी काकीच्या माजघरात, जुन्या फणसाच्या बाकड्यावर, टक् वाजतं. तिथे ऊन पोचत नाही, मी तपासलंय. काकी "इले" म्हणते आणि पाण्याचा तांब्या ठेवते. मी तिच्याकडे गेलो की जमिनीवरच बसतो.