पियानोच्या तिकिटाला नारळ

माझे वडील ठाण्याच्या खाडीकाठी मिठागरात राबले. मिठाने त्यांच्या टाचा इतक्या चिरलेल्या असत की आई त्या भेगांत मेण वितळवून भरायची. पावसाळ्यात मिठागर बंद, मग आमची चूलही निम्मी बंद. अशा घरातून मी बी.ए. झालो. आमच्या पाड्यात तोवर कुणी मॅट्रिकही झालेलं नव्हतं. हे बढाई म्हणून सांगत नाही. म्हणजे थोडी बढाई आहेच, आणि ती मारायचा मला हक्क आहे.

नौपाड्यातल्या एका शाळेत मला मास्तरकी लागली, त्याच सुमारास मुंबईत परदेशी ऑर्केस्ट्रा येणार असल्याची जाहिरात पेपरात आली. सोबत पियानो वाजवणारा कुणी नामांकित साहेब. आमचे इंग्रजीचे प्रोफेसर म्हणायचे, पियानो ऐकला नाही तो निम्माच शिकला. निम्मं राहणं मला मंजूर नव्हतं. पण शिकलो वडिलांच्या जिवावर, तेव्हा उरलेलं निम्मं त्यांना शेजारच्या खुर्चीत बसवूनच शिकायचं, असं मी ठरवलं.

त्यांना समजावताना घाम फुटला. पियानो म्हणजे पेटीच, पण भाताच्या कणगीएवढी, असं सांगितलं. सोबत पन्नास-साठ माणसं वाजवणार म्हटल्यावर त्यांनी विचारलं, लग्न कुणाचं? लग्न नाही, नुसतं बसून ऐकायचं, हे त्यांना पटेना. जेवण तरी असेलच, असं आईचं मत पडलं. शेवटी वडील मुद्द्यावर आले. "त्यांना सुपारी कोनी दिली?"

आमच्याकडे वाजंत्री ठरवायचे म्हणजे म्होरक्याच्या हातावर नारळ-सुपारी ठेवायची. त्याने ती घेतली की शब्द पक्का. एका लग्नात ती द्यायची राहिली, तर वाजंत्री दुसऱ्या गावाला गेले आणि नवरदेवाची वरात मुकाट्याने निघाली. म्हणून तिकीट काढायला वडील स्वतः आले, काखेत पिशवी घेऊन.

खिडकीपुढच्या रांगेत सूटबूटवाले, झगेवाल्या मडमा आणि मधे आमचं धोतर. तिकिटं संपत आल्याची कुजबुज पुढून मागे आली. आमचा नंबर लागला तेव्हा आतले म्हातारे कारकून म्हणाले, शेजारशेजारची ही शेवटची दोन. मी हात पुढे केला, तोच वडिलांनी पिशवीतून नारळ काढून खिडकीच्या गजांना टेकवला. तो काही आत जाईना. मागचे साहेब घसा खाकरू लागले.

"बाबा, इथे तशी पद्धत नाही," मी हळूच म्हणालो.

"नाय म्हंजे? तो बोटीनं येनार. वाटेत दुसऱ्यांनी सुपारी दिली तं?"

कारकुनांनी चष्मा वर सरकवला. "काका, पियानोवाला माझ्या हातात नाही हो. मी नुसती तिकिटं विकतो."

"मंग शब्द कोनाचा?"

मागचा साहेब पुढे सरकला आणि हे घेत नसतील तर ती दोन मला द्या, असं इंग्रजीत म्हणाला. इंग्रजी मलाही येत होतं. वडिलांच्या वतीने माफी मागून त्यांना बाजूला ओढणं सोपं होतं. पण ते ओढल्यावर आलेच नसते, आणि मला त्यांच्याशिवाय जायचं नव्हतं.

"तुम्हीच घ्या सुपारी," मी कारकुनांना मराठीत म्हणालो. "तुम्ही घेतल्याशिवाय हे हलायचे नाहीत."

त्यांनी रांगेकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि गजांखालून तळहात पुढे केला. वडिलांनी वाकून त्यावर सुपारी ठेवली. नारळ बाजूच्या दाराने शिपायाकडे दिला.

"येईल तो, काका."

"नुसता येनार नाय, वाजवनार बी."

"वाजवील. मी सांगतो ना."

मगच वडील खिडकीपासून हलले. तिकिटं माझ्या हातात पडली. मागच्या साहेबाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच त्याचा पियानो उचलून नेला.

कार्यक्रमात कोण केव्हा टाळ्या वाजवतं ते मला कळेना. वडिलांना कळायची गरज वाटली नाही, त्यांना आवडलं तिथे त्यांनी वाजवल्या. मिठागरात राबलेला माणूस आणि त्याचा बी.ए. झालेला मुलगा, आम्ही दोघांनी शेजारशेजारी बसून तो पियानो शेवटपर्यंत ऐकला.