उडतेभाऊचा दुसरा भाग

आमच्या गल्लीतल्या उडतेभाऊला जिना चढता येत नसे. माझी भाड्याची खोली पहिल्या मजल्यावर, त्यामुळे काम असलं की तो खालूनच हाक मारी आणि मला चपला शोधत उतरावं लागे. त्याचा डावा खुबा मोडून वाकडा जुळला होता. पावलापावलाला तो डावीकडे झुके. तरी सगळं धुळं त्याला उडतेभाऊ म्हणे, आणि त्यात थट्टा नव्हती. तो खरोखर उडाला होता. त्या काळात हिंदीत एका उडत्या वीराचा सिनेमा धो धो चालला होता. मुखवटा आणि पाठीवर झूल घालून या गच्चीवरून त्या गच्चीवर झेपावणारा तो वीर म्हणजे आमचा भाऊ. मल्लखांबावर घडलेलं अंग घेऊन विशीत मुंबईला गेला आणि कमरेला तार बांधून हिरोच्या बदली हवेत लोंबकळला. "चेहरा त्याचा, पाठ आपली," असं तो सांगे, आणि सांगताना पाठ ताठ करी.

उंच काही दिसलं की त्याची मान आपोआप वर जायची. गिरणीचं धुराडं, पाण्याची टाकी, काहीही. "साहेब, इथून तीन सेकंद," तो म्हणे. उंची तो फुटांत नाही, खाली यायला लागणाऱ्या सेकंदांत मोजे. तुला भीती नाही वाटायची, असं मी एकदा विचारलं. म्हणाला, "वर नाही वाटत. जमीन जवळ आली की वाटते."

घरात तो आणि त्याची आई, एवढीच माणसं. आक्कांनी त्याला मुंबईला पाठवलं तेव्हा डोक्यावर हात ठेवून वचन घेतलं होतं की जिवाला धोका असेल असं काम करायचं नाही. त्यानंही आपल्या अहिराणीत सांगून टाकलं होतं, "आक्का, तार लोखंडनी शे, ती तुटसच नही." पायाचं विचारलं तर स्टेशनच्या ओल्या जिन्यावरून घसरलो, हे उत्तर ठरलेलं. आम्हीही सगळे तेच धरून चाललो होतो.

मग त्या सिनेमाचा दुसरा भाग आला. मोठ्या शहरांत आपटून, मार खाऊन तो धुळ्यात लागला. मी इथल्या एका दैनिकात उपसंपादक होतो, वय सव्वीस, सिनेमाचं सदर हाती, म्हणजे बघायलाच नको. तारा ढळढळीत दिसत होत्या. झूल दर चार मिनिटांनी हिरोच्या तोंडावर येत होती. दुष्टाच्या प्रयोगशाळेत बाटल्यांमधून रंगीत सरबत उकळत होतं आणि राक्षसाच्या पाठीची चेन उघडी होती. मी मनसोक्त धुतला. शेवटी लिहिलं, "पाहण्यासारखा प्रसंग एकच. उडता उडता वीर धाडकन नारळाच्या हातगाडीवर कोसळतो. एवढ्यासाठी तिकीट काढायला हरकत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी खालून हाक आली. भाऊ पेपर घेऊन उभा होता. "साहेब, चांगलं लिहिलंय," तो म्हणाला, "फक्त तो पडलेला मी आहे." तार तुटली होती. खुबा तिथेच मोडला. आणि दिग्दर्शकाने ते चित्रीकरण टाकून न देता त्याला ढोल-शिट्टी लावून विनोद म्हणून सिनेमात ठेवलं होतं. त्याला माझ्याकडून माफीही नको होती. त्याला मदत हवी होती. आक्कांचा मोतीबिंदू नुकताच निघाला होता आणि त्यांनी हट्ट धरला होता, "आते माले दिसस. तुले उडतांना देखनं शे." नाही म्हणण्याची सगळी कारणं वापरून झाली होती. "तो प्रसंग मध्यंतरानंतर आहे," भाऊ म्हणाला. "मध्यंतराला तिला घरी आणू. तुम्ही फक्त पायऱ्यांवर तिला धरा. तिला कळलं तर ती स्वतःलाच खाईल, साहेब. मीच धाडलं म्हणेल."

तीनच्या खेळाला गेलो. आक्का नवा चष्मा लावून आमच्या दोघांच्या मधे बसल्या आणि "मनाजोडे बस," म्हणत त्यांनी भाऊला जवळ ओढलं. वीर उडाला की भाऊ हळूच सांगे, "हाऊ मी," आणि आक्का पदराने चष्मा पुसत. मध्यंतराला पाच-दहा मिनिटं राहिली असतील. पडद्यावर वीर मनोऱ्याच्या टोकावर उभा राहिला आणि भाऊने आक्कांच्या पाठीमागून हात घालून माझं मनगट पकडलं. "साहेब, हे आत्ता कसं आलं?"

कसं आलं ते मला नंतर कळलं. माझं सदर वाचून लोक फक्त ते पडणं बघायला येत होते आणि मध्यंतरापर्यंत कंटाळून ओरडत होते. म्हणून थिएटरच्या मॅनेजरने ते रीळ उचलून आधी लावलं. सिनेमाला गोष्ट अशी नव्हतीच, त्यामुळे कुणाच्या लक्षातही आलं नाही. पानाच्या टपरीवर त्याने मला हे मोठ्या अभिमानाने सांगितलं, वर आभारही मानले.

"आक्का, चाल, घर चाल," भाऊ उठून उभा राहिला. मागून लोक ओरडले. त्याने चक्क आईच्या डोळ्यांपुढे हात धरला. आक्कांनी तो बाजूला सारला. "माले देखू दे ना रे!"

ढोल वाजला, वीर कोसळला, नारळ चौफेर उधळले. थिएटर हशाने फुटलं. आणि आक्काही हसल्या. पदर तोंडाला लावून, गदगदून हसल्या. भाऊ पडद्याकडे बघतच नव्हता. तो आईकडे बघत उभा होता, आणि मला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटत होतं.

"हाऊ तू नही ना रे?" आक्कांनी विचारलं, आणि उत्तरही स्वतःच दिलं. "तू कसा व्हशी? तुनी तार तं तुटस नही."

"नही, आक्का," भाऊ म्हणाला. "दुसरा शे कोनी."

मध्यंतराचे दिवे लागले. आक्का डोळे पुसत होत्या. पुसता पुसता थांबल्या. "बिचाराले लागनं व्हई," त्या म्हणाल्या. "त्यानी मायले कोनी सांगं व्हई का?"

थिएटरच्या दारातल्या चार पायऱ्या उतरताना मी आक्कांना धरलं. भाऊ कठड्याला धरून एकेक पाय टाकत मागून आला. त्या दिवसानंतर त्याने 'चेहरा त्याचा, पाठ आपली' कधी म्हटलं नाही. उडतेभाऊ म्हणून कुणी हाक मारली तर तो वळेनासा झाला.

पुढे मी जळगावच्या पेपरात गेलो. दोनेक वर्षांनी आक्का गेल्याचं कळलं, तेव्हा दहाव्याला धुळ्याला आलो. भाऊ ओट्यावर बसला होता, मुंडन केलेलं, खूप वाळलेला.

"शेवटपर्यंत विचारायची, साहेब," तो म्हणाला. "त्या पडलेल्या माणसाचं काय झालं, म्हणून. मुंबईहून कुणी आलं की त्यालासुद्धा विचारायची."

"तू काय सांगायचास?"

"सांगायचो, बरा शे, आक्का. घर शे, आपली मायजोडे."