मशीनला चढलेली झूल

रामप्रसाद राठोड हे सेनगाव तालुक्यातल्या त्यांच्या तांड्यावरचे पहिले एम.एस्सी. शहाण्णव साली ते हिंगोलीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला लागले आणि त्याच वर्षी कॉलेजात आयआर मशीन आलं. डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण पदार्थातून सोडायचे. त्यानं कोणते गिळले, कोणते जाऊ दिले, ते कागदावर डोंगरदऱ्यांसारखं उमटतं. त्यावरून पदार्थ ओळखायचा. राठोड सरांनी ठरवलं, आईनं जन्मभर रानात वेचला त्या धावड्याच्या डिंकावरच पीएच.डी. करायची.

मशीनच्या आतल्या काचा मिठाच्या. ओल त्यांना सोसत नाही. म्हणून त्या खोलीला एसी लागला. अख्ख्या कॉलेजात तो एकच. एप्रिलमध्ये प्राचार्यांची खुर्ची तिथं गेली, मागोमाग फायली, मग चहा, मग येणारे-जाणारे.

पावसाळ्यात मशीनला टेकवलेल्या ओल्या छत्र्या पाहून सरांना राहवलं नाही. ते प्राचार्यांना म्हणाले,

"सर, काचा मिठाच्या हायत. माणसाच्या श्वासानं बी खराब होतात."

"मग मी काय श्वास घेऊ नको?"

"तसं न्हाई, सर..."

"तुमचं बराबर आहे. नाजूक वस्तू. उद्यापासून मशीन वापरायचंच नाही!"

मशीनवर मखमली झूल चढली. दसऱ्याला हार पडू लागला.

काही वर्षांनी तपासणी समिती आली, तेव्हा झूल निघाली. सरांनी डिंकाची पूड खलून चकती दाबली, मशीनमध्ये ठेवली. पण काचा केव्हाच धुरकटल्या होत्या. कागदावर ना डोंगर ना दरी. तळाशी नुसती सरळ रेघ. समितीचे अध्यक्ष अर्थशास्त्राचे. त्यांनी कागद उजेडात धरला.

"वा! किती स्वच्छ रेषा! कुठं चढउतार नाही."

"मी जातीनं लक्ष घालतो," प्राचार्य म्हणाले.

अहवालात शेरा पडला: उत्कृष्ट.

सरांनी मग डिंकाची पुडी खिशात घातली आणि एसटीनं औरंगाबाद गाठलं. तिथल्या प्रयोगशाळेत रांग लावून काढलेल्या आलेखात डिंकाच्या सगळ्या खुणा जागच्या जागी उमटल्या. तो कागद त्यांनी तांड्यावर आईला दाखवला.

"हा आपला डिंक हाय, आई."

भिकाबाईंनी कागद नाकाला लावला. "वास काहून न्हाई मग?"

दोन हजार चारला सर डॉक्टर झाले. कॉलेजात सत्कार झाला. "आपल्या मशीननं आज एक डॉक्टर घडवला!" प्राचार्यांनी जाहीर केलं. टाळ्या थांबेनात. सरांच्या हाती माईक आला, खरं ते ओठांवरही आलं. पण पहिल्या रांगेत भिकाबाई दारातून दिसणाऱ्या त्या एसीच्या खोलीकडं पाहून मशीनला हात जोडत होत्या, पदरानं डोळे टिपत होत्या.

सरांनी मशीनचेही आभार मानले.