माझ्या फ्रेंच कॅसेटवर हळदीचे धवळे

भिसेगावकर मंडळी, वाचनालयाच्या फळ्यावर आज सुविचार नाही. आज माझा संताप वाचा.

रविवारी माझी फ्रेंचची परीक्षा आहे. तिथे टेप लावतात आणि ऐकून उत्तरं लिहायची असतात. सरावासाठी मुंबईच्या बाईंनी त्यांची एकुलती एक कॅसेट मला दिली होती.

आळीत टेपरेकॉर्डर फक्त माझ्याकडे, म्हणून कुणाकडेही हळद असली की तो आधी तिकडे जातो. काल शेजारचे बबनकाका घेऊन गेले. कॅसेट आतच होती. आज सकाळी सरावाला बसले, बटण दाबलं, तर फ्रेंचच्या जागी बायकांनी गायलेले धवळे! दोन्ही बाजूंना!

काकांना जाब विचारला, तर म्हणाले, "अगं, आमी घरात लावून बघितली ना! कुणाला एक शब्द कळला नाय. सगळे बोलले, कॅसेट खराब हाय. म्हणून तिच्यावरच भरलं गं. धवळे कसे साफ आलेत बघ!"

तुम्हीही होतात ना त्या हळदीला? मग सांगा, आपल्याला कळलं नाही की ती वस्तू खराबच ठरवायची? जिची आहे तिला एकदा विचारावं, असं एकालाही वाटलं नाही?

मी त्याच मांडवात तुम्हाला जेवण वाढत होते.