खालाच्या वाट्याची अर्धी वेणी

शारजाला निघाले तेव्हा अलिबागच्या एसटी स्टँडवर अम्मीने माझ्या हातात पांढऱ्या कांद्यांची वेणी ठेवली. बॅग आधीच फुगलेली. मी कुरकुर केली, तशी ती म्हणाली, "अर्धी तुझी, अर्धी रुखसानाची. तिच्या अम्मीला पोचली पायजे." एवढं बोलून तिने तोंड फिरवलं. गाडी सुटेपर्यंत माझ्याकडे पाहिलं नाही. मला तिचा फार राग आला.

रुखसाना माझी मावसबहीण. कराचीत वाढली, आता शारजात माझ्यापासून दोन गल्ल्यांवर राहते. तिची आई, म्हणजे माझी खाला, लग्न होऊन मुंबईहून बोटीने कराचीला गेली. तेव्हा बोट जायची. पुढे बोट बंद झाली, मग व्हिसाही मिळेनासा झाला, आणि थळजवळच्या आमच्या घरात खालाचं नाव निघायचं ते कांद्याच्या हंगामात. वेणी घालायला अम्मीला तिनेच शिकवलं होतं. एकीने कांदा लावायचा, दुसरीने ओली पात ओढून घट्ट करायची.

इथे आमच्या बिल्डिंगमध्ये दोन्ही देशांची माणसं एकाच लिफ्टने वर जातात. मॅच असली की धुसफूस, बाकी एकमेकांकडे कोथिंबीर मागतात.

अम्मी दर हंगामात वेणी पाठवायची आणि त्यातली अर्धी रुखसाना सुट्टीला जाताना कराचीला न्यायची. तिसऱ्या वर्षी ती सुट्टी संपवून आली ती खालाचा निरोप घेऊन. "वेणी सैल झालीय. अमीनाचा हात बरा न्हाय. इचार तिला." अमीना म्हणजे माझी अम्मी. मी लगेच फोन केला. अम्मीने आधी हसण्यावारी नेलं, मग सांगून टाकलं. उजव्या हातातली ताकद वर्षभर कमी होत होती. मी रोज व्हिडिओ कॉलवर तिला बघत होते, मला दिसलं नव्हतं. साठ वर्षं बहिणीला न पाहिलेल्या बाईला ते वाळल्या पातीवरून कळलं. मला लाज वाटली.

मग आम्ही दोघी मुलींनी ठरवलं, त्यांना इथेच भेटवायचं. अम्मी आली ती पातीसकट सुटे कांदे घेऊन. खाला यायची त्याच आठवड्यात दोन्ही देशांत लढाई पेटली आणि कराचीची विमानं थांबली. अम्मी दिवसभर टीव्हीसमोर बसायची. शेवटी तिने दुखऱ्या हाताने अर्धी वेणी घातली आणि थांबली. "राहिलेली तिची," म्हणाली. व्हिसा संपला. विमानतळावर तिने पुन्हा तोंड फिरवलं. या वेळी मला राग आला नाही.

खाला आली दहा दिवसांनी. चहासुद्धा न घेता किचनमध्ये जाऊन तिने पात भिजत घातली. मी अम्मीला फोन लावून तो डब्याला टेकवून ठेवला.

"जोरात ओढ," अम्मी म्हणाली.

"तूच सैल घातलीस," खाला म्हणाली. "इतकी वर्षं झाली, तरी शिकली न्हाय."

दोघी हसल्या. मग खालाने पात ओढून पुढचा कांदा लावला. मला त्या दोघी एका खोलीत हव्या होत्या, एवढंच हवं होतं.

गावाकडचे विचारतात, घरी कधी येणार? येईन की, सुट्टी मिळाली की. पण घर म्हटलं की हल्ली मला किचनमधली ती वेणी आठवते. बाकीचे कांदे कधीच खाऊन झाले. अम्मीची सैल पात जिथे संपते आणि खालाची घट्ट पात सुरू होते, तिथले दोन कांदे मी अजून तोडलेले नाहीत.