धोंडुबाईचे पाय दिसले पाहिजेत

रोह्याच्या बाजारपेठेत हैबतरावांचा फोटो स्टुडिओ होता. दुकान बोळासारखं लांबट. पुढे निळा पडदा आणि एक स्टूल, मागे काळोखी खोली. हैबतराव वाल पिकवणाऱ्या घरातले. नांगर सोडून ते कॅमेऱ्याकडे कसे वळले, हे त्यांच्या भावांना शेवटपर्यंत उमगलं नाही. लग्नाच्या फोटोवाल्याबरोबर गावोगाव हिंडताना त्यांनी ही विद्या बघून बघून उचलली होती. नव्वदनंतर रंगीत रोल धुवायला मुंबईला जाऊ लागले. काळा-पांढरा फोटो मात्र हैबतराव स्वतःच्या हातानं धूत, आणि त्या हाताचा त्यांना ताठा होता. "काढतो काय, कोणीपण काढतो," मागच्या खोलीकडे मान वळवून ते म्हणायचे, "पण फोटो होतो तो तिथं, आत."

एका वर्षी दसरा होऊन आठवडा झाला असेल. वैशाली दुकानात आली ती तोंड उतरवूनच. ही जोहे गावच्या मूर्तिकारांची लेक, रोह्यात दिलेली. नवरा सखा मस्कतला कामाला. पावसाळ्यात तिची सासू धोंडुबाई न्हाणीत घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. हाड सांधलं, म्हातारी काठी टेकत उभी राहू लागली. तसं पत्रानं सख्याला कळवलंही. पण सख्याचा विश्वास बसेना. बाप गेला तेव्हा घरच्यांनी त्याला पंधरा दिवस काही कळू दिलं नव्हतं. त्यानं उलट निरोप धाडला, 'आये पायावर उभी असलेला फोटो पाठवा. नायतर मी काम सोडून येतो.' मुदतीआधी सोडलं की कंपनी परत घेत नसे.

आणि धोंडुबाईला फोटोचं भारी वावडं. "भिंतीवर हार घालून टांगतात ते फोटो. मला नको." शेवटी मोठ्या मिनतवारीनं एवढंच कबूल झाली, "धावीर महाराजांची पालखी दारात येल, तवा एकदा काढ. देवासमोर काय होत नाय. मग पुढल्या दसऱ्यापत्तर नाव काढायचं नाय."

दसऱ्यानंतर निघणारी ग्रामदैवताची ती पालखी दारात आली ती रात्र पडल्यावर. हैबतरावांनी सख्यानं मस्कतहून आणलेल्या कॅमेऱ्यात काळा-पांढरा रोल भरून, काटे रात्रीच्या उजेडाला लावून दिले होते. वैशालीनं जन्मात पहिल्यांदा कॅमेरा धरला होता. ढोल घुमले, गॅसबत्त्या आल्या, पालखी थांबली, धोंडुबाई आरतीचं ताट घेतलेल्या शेजारणीजवळ उभी राहिली. आणि देव समोर येताच वैशालीचे हात आपसूक जुळले. कॅमेरा दोन तळव्यांच्या मधे, मान खाली, आणि अंगठ्याखाली खटका दाबला गेला.

"काका, देवाला नमस्कार केला वो मी, त्यातच निघाला फोटो!" दुकानात रोल पुढे ठेवत ती म्हणाली.

हैबतराव पोट धरून हसले. "आजवर देवाचे फोटो लई बघितले. देवाला नमस्कार करणारा कॅमेरा पयलांदा बघतो गो!"

मग त्यांनी रोल धुतला आणि निगेटिव्ह भिंगाखाली धरली. हसू ओसरलं. सगळं चित्र कलंडलेलं. निम्म्यात नुसता रस्ता, डावीकडे ढोलवाल्याची पाठ, वर ट्यूबलाइटचा फराटा. त्या गर्दीत वरच्या कोपऱ्यात धोंडुबाई, नखाएवढी.

"कोपऱ्यात हाय ती. काढतो बाहेर."

दुसऱ्या दिवशी फोटो तयार. सगळा पसारा छाटून त्यांनी फक्त चेहरा मोठा केला होता. गॅसबत्तीचा उजेड सुरकुत्यांवर, डोळे पालखीकडे लागलेले. हैबतरावांनी तो देव्हाऱ्यातली मूर्ती द्यावी तसा दोन्ही हातांनी दिला.

वैशालीनं पाहिला. बराच वेळ पाहिला.

"लई चांगला हाय. पण काका, पाय?"

"पाय कशाला? चेहरा बघ की!"

"चेहरा तर खाटेवर झोपलेल्या माणसाला पण असतो."

हैबतरावांना राग आला. पाय घ्यायचे म्हणजे ढोलवाला आला, काळोख आला, फोटोची शोभा गेली. ते पुटपुटत आत शिरले, आणि कधी नव्हे ते मागे वळून म्हणाले, "ये आत. काय पायजे ते तूच सांग."

लाल दिव्याखाली त्यांनी कोऱ्या कागदावर चित्राचा उजेड पाडला आणि काळ्या पुठ्ठ्याचे दोन काटकोन सरकवत चौकट शोधू लागले. उंच, अरुंद चौकट घेतली तसा ढोलवाला कोपरापुरता उरला. मग त्यांनी कागदाखालची फळी तिरकी फिरवली आणि धोंडुबाई सरळ झाली. "कलंडलेली दिसली तर पोरगा म्हणायचा, मागनं कुणीतरी धरलीय."

"आणि ही काठी काळोखात बुडवू काय? बरी दिसत नाय," ते म्हणाले.

"नको, नको. काठी राहू द्या. काठीबिगर त्याला खरं वाटायचं नाय."

हैबतरावांनी काठी तशीच ठेवली. नवा कागद लावला. या कागदावर जिथं उजेड जास्त पडतो, तिथं चित्र काळं उतरतं. ट्यूबलाइटच्या जागेवर जास्तीचा उजेड दिला, म्हणजे फराटा दबेल. आणि पायांवर, तारेला चिकटवलेली पुठ्ठ्याची टिकली हलवत, उजेड अडवून धरला, म्हणजे तिथला काळोख विरळ होईल. कागद औषधाच्या ट्रेमध्ये सोडला.

आधी काठी आली. मग पदर. मग बराच वेळ काही नाही. वैशाली ट्रेवर वाकली. पालखीच्या भोयांचे पाय धुवायला बायांनी दारात घागरी ओतल्या होत्या. ती ओली फरशी गॅसबत्तीनं चकाकत वर आली, आणि त्या चकाकीवर दोन पावलं, बोटांसकट, जमिनीला घट्ट टेकलेली.

"आले!" वैशाली इतक्या जोरात म्हणाली, की हैबतराव दचकले.

फोटो मस्कतला गेला. उत्तराची वाट पाहण्यात दिवाळीही गेली. मग एका सकाळी एसटीडी बूथवाल्यानं हाक मारली. वैशाली धावली. तिकडून सखा रडतोय की हसतोय, तिला कळेना. "उभी हाय गो आये! मी काम पुरं करूनच येतो आता."

घरी येऊन तिनं सांगितलं. धोंडुबाई वालाच्या शेंगा सोलत होती. "कळलं नव्हं एकदाचं? बरं झालं. ये, बस इथं, हात लाव."

वैशाली शेजारी टेकली. कितीतरी महिन्यांनी ती अशी निवांत बसली होती.