बुडावरचं ठिगळ

मदनमहालच्या टेकडीखाली बेबीताईंची बालवाडी आहे. फळा आत टांगलेला असतो, पण पोरं सापडतात ती मागच्या मोठ्या कातळावर. वर्षानुवर्षं घसरून घसरून तो कातळ गुळगुळीत झालाय आणि पोरांच्या पँटी बुडाशी विरल्यात. म्हणून दर शनिवारी बेबीताई शिलाई मशीन दारात मांडतात आणि विरलेल्या प्रत्येक बुडावर जाड ठिगळ मारतात.

बँकेत बदली होऊन आलेल्या माधवी मॅडम परवा आपल्या मुलाची, अंकुरची फाटकी पँट नाचवत आल्या. "ताई, तुम्ही पोरांना शिकवता तरी काय?"

बेबीताई तडकल्या. "काहून चिडून राहिल्या, मॅडम? एकदा स्वतः घसरून तर पाहा!"

अंकुरनं आईचा हात धरून तिला कातळावर ओढलंच. मॅडम किंचाळत खाली आल्या, धूळ झटकली आणि अंकुरला घेऊन तरातरा निघून गेल्या. गेलं हे पोरगं हातचं, असं बेबीताईंना वाटलं.

सोमवारी अंकुर नवीकोरी पँट घालून आला. दुकानाची चिठ्ठीसुद्धा अजून लटकत होती. बुडावर मात्र वाकड्यातिकड्या टाक्यांचं ठिगळ आधीच शिवलेलं होतं.